स्नूपिंग चालू केल्यावर काही पडद्यांवरचा मल्टिकास्ट व्हिडिओ सुमारे चार मिनिटांनी थांबतो, काहींवर येतच नाही

प्रश्न : उपकरणकक्ष

नमस्कार. एका इमारतीतील अंतर्गत व्हिडिओ वितरणाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मधोमध एक मुख्य स्विच आहे, त्याला येथे ‘क’ म्हणतो. ‘ख’ आणि ‘ग’ हे आणखी दोन स्विच १ गिगाबिटच्या ट्रंकने (स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्याने) त्याला जोडलेले आहेत. व्हिडिओ पाठवणारे चारही एन्कोडर ‘ख’ वर आहेत. प्रत्येकाचा प्रवाह सुमारे ८ मेगाबिट प्रतिसेकंद असून प्रत्येकाला २३९ ने सुरू होणारा वेगळा मल्टिकास्ट पत्ता (एकच प्रवाह अनेकांना एकदम पाठवण्यासाठीचा ग्रुपचा पत्ता) दिलेला आहे. पडदे ‘ख’ आणि ‘ग’ या दोन्हींवर विखुरलेले आहेत. ही सर्व उपकरणे आणि त्यांच्यासोबत प्रिंटर व वायफायचे ॲक्सेस पॉइंट एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या एका आभासी जाळ्यात) आहेत. राउटर ‘क’ ला जोडलेला आहे, पण व्हिडिओ या व्हीलॅनच्या बाहेर न्यायचाच नसल्याने त्यावर मल्टिकास्ट राउटिंग चालू केलेले नाही.

आयजीएमपी स्नूपिंग (ग्रुपमध्ये सामील होण्याचे आयजीएमपी निरोप वाचून, मागितलेल्या पोर्टवरच मल्टिकास्ट सोडण्याची स्विचची सोय) बंद असताना सर्व पडदे व्यवस्थित चालत होते, परंतु चारही प्रवाह प्रत्येक पोर्टवर जात असल्यामुळे वायफाय जवळजवळ निकामी झाले होते. म्हणून तिन्ही स्विचवर स्नूपिंग चालू केले आणि नोंद नसलेले मल्टिकास्ट टाकून देण्याचा पर्यायही निवडला. वायफाय लगेच सुधारले. मात्र आता ‘ख’ वरच्या पडद्यांवर चित्र येते, चार मिनिटांहून थोडे अधिक चालते आणि मग गोठते. वाहिनी बदलून परत आले की पुन्हा तेवढाच वेळ चालते. ‘ग’ वरच्या पडद्यांवर तर चित्र मुळीच येत नाही. केबल आणि पोर्ट बदलून पाहिले, फर्मवेअरही अद्ययावत आहे. दोन स्विचवरची लक्षणे इतकी वेगळी असल्याने हे दोन स्वतंत्र दोष आहेत की मूळ एकच आहे, हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : पॅकेटवाचक

मूळ एकच आहे : आपल्या व्हीलॅनमध्ये क्वेरियर नाही. दोन्ही लक्षणे त्यातूनच निघतात, आणि ती कशी निघतात हे पाहिल्यास पुढची सर्व मांडणी आपोआप स्पष्ट होईल.

स्नूपिंग करणारा स्विच स्वतः कोणाला काही विचारत नाही. पडदा एखाद्या ग्रुपमध्ये सामील होताना जो आयजीएमपी रिपोर्ट पाठवतो तो स्विच वाटेत वाचतो, आणि अमुक पोर्टवर अमुक ग्रुप हवा आहे अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. ही नोंद कायमची नसते, आणि नसावीच, कारण वीज गेलेला किंवा केबल काढलेला पडदा ‘मी जातो’ असा निरोप देऊन जात नाही. म्हणून ठरावीक वेळात नवा रिपोर्ट आला नाही तर स्विच ती नोंद पुसतो. पडदे मात्र एकदा सामील झाले की आपणहून पुन्हा रिपोर्ट पाठवत बसत नाहीत. कोणीतरी वर्गात हजेरी घ्यावी तसे ठरावीक काळाने ‘कोणाला काय हवे आहे’ असे विचारावे लागते, तेव्हा ते उत्तर देतात. हा प्रश्न म्हणजे २२४.०.०.१ या पत्त्यावर जाणारी जनरल क्वेरी, आणि ती पाठवणारा तो क्वेरियर. मल्टिकास्ट राउटिंग चालू असलेला राउटर हे काम ओघानेच करतो. आपल्या राउटरवर ते बंद आहे, त्यामुळे प्रश्न विचारणारे कोणीच उरलेले नाही.

आता त्या चार मिनिटांविषयी. आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९७) आणि तिसऱ्या आवृत्तीत (२००२) मूळ मूल्ये सारखीच आहेत : दोन क्वेरींमधील अंतर १२५ सेकंद, उत्तरासाठी जास्तीत जास्त १० सेकंद आणि रोबस्टनेस (एखादे पॅकेट हरवले तरी चालावे म्हणून धरलेला गुणक) २. नोंदीचे आयुष्य या तिन्हींवरून ठरते : २ गुणिले १२५ अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. चार मिनिटे वीस सेकंद. वाहिनी बदलून परत आल्यावर पडदा नव्याने सामील होतो, नवा रिपोर्ट जातो आणि २६० सेकंदांची मोजणी पुन्हा सुरू होते. चार-साडेचार मिनिटांनी मल्टिकास्ट थांबत असेल तर सर्वांत आधी क्वेरियर शोधावा, इतके हे लक्षण नेमके आहे.

‘ग’ वरचा प्रकार त्याच कारणाची दुसरी बाजू आहे. पडद्याकडून आलेला रिपोर्ट स्विच सर्व पोर्टवर पाठवत नाही. ज्या दिशेला मल्टिकास्ट राउटर किंवा क्वेरियर आहे असे त्याला कळलेले असते, त्याच पोर्टवर तो पुढे पाठवतो. तो पोर्ट त्याला कळतो तो मुख्यतः आलेल्या क्वेरीवरून, किंवा राउटरने पाठवलेल्या पिमच्या (मल्टिकास्ट राउटिंगच्या एका प्रोटोकॉलच्या) हॅलो पॅकेटवरून. आपल्याकडे दोन्ही नाहीत. त्यामुळे ‘ग’ वरच्या पडद्याचा रिपोर्ट ‘ग’ मध्येच संपतो, ‘क’ आणि ‘ख’ यांना त्याची गंधवार्ताही नसते, आणि ‘ख’ ला तो प्रवाह ट्रंकवर सोडण्याचे कारणच मिळत नाही. नोंद नसलेले मल्टिकास्ट आपण टाकून देत नसता, तर हाच दोष बराच काळ झाकलेला राहिला असता.

उपाय असा. ‘क’ वर, त्याच व्हीलॅनसाठी, स्नूपिंग क्वेरियर चालू करा आणि त्याला त्या व्हीलॅनमधला खरा आयपी पत्ता द्या. पत्ता न दिल्यास काही स्विच ०.०.०.० या स्रोतावरून क्वेरी पाठवतात. असा पत्ता क्वेरियरच्या निवडणुकीत (एकाहून अधिक क्वेरियर असल्यास काम कोणी करावे हे ठरवताना) धरला जात नाही, आणि काही उपकरणे अशा क्वेरीकडे दुर्लक्ष करतात. मग क्वेरियर चालू दिसतो आणि पडदे तरीही थांबतात, व शोध भलत्याच दिशेला जातो. आवृत्ती तिन्ही स्विचवर एकच ठेवा. पडदे दुसरी आवृत्तीच बोलत असतील तर तिसरीचा आग्रह धरण्यात काही लाभ नाही.

मग पडताळणी करा. एखाद्या पडद्याच्या पोर्टचे मिररिंग (त्यावरील पॅकेटांची प्रत दुसऱ्या पोर्टवर काढणे) लावून वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या प्रोग्राममध्ये फक्त आयजीएमपी पाहा. साधारण दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ कडे जाणारी क्वेरी दिसली पाहिजे. तिचा स्रोत आपण दिलेला पत्ता असला पाहिजे आणि टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाऊ शकते तो आकडा) १ असला पाहिजे. तिच्यानंतर १० सेकंदांच्या आत पडद्याचा रिपोर्ट दिसला पाहिजे. दुसऱ्या आवृत्तीत तो रिपोर्ट ग्रुपच्याच पत्त्यावर जातो, तिसऱ्या आवृत्तीत २२४.०.०.२२ वर. त्यानंतर ‘ख’ आणि ‘ग’ यांच्या स्नूपिंगच्या तक्त्यात ‘क’ कडे जाणारा ट्रंक मल्टिकास्ट राउटरचा पोर्ट म्हणून दिसतो का, ते पाहा.

उत्तर २ : झटपट

क्वेरीचे अंतर १२५ ऐवजी ३० सेकंद करा आणि ट्रंक हे मल्टिकास्ट राउटरचे पोर्ट म्हणून हाताने नेमून टाका. क्वेरियरची निवडणूक, आवृत्त्या वगैरे कशातच पडावे लागणार नाही.

उत्तर ३ : दीर्घतार

वरच्या सल्ल्यातील दोन्ही गोष्टींविषयी थोडे सावध करावेसे वाटते.

ट्रंक हाताने नेमल्यास ‘ग’ चे रिपोर्ट ‘ख’ पर्यंत पोहोचतील हे खरे, परंतु विचारणारा कोणीच नसल्याने नोंदी तरीही २६० सेकंदांनी पुसल्या जातील. शिवाय नेमलेल्या पोर्टवर प्रत्येक ग्रुपचा प्रवाह जात राहतो, कोणी मागितलेला असो वा नसो. म्हणजे स्नूपिंगने जे साधले ते ट्रंकपुरते आपणच काढून घेतल्यासारखे होते.

अंतर कमी करण्याला माझा विरोध नाही, पण ते तिन्ही स्विचवर मिळून करावे. तिसऱ्या आवृत्तीच्या क्वेरीमध्ये अंतर आणि रोबस्टनेस ही दोन्ही मूल्ये लिहिलेली असतात. दुसऱ्या आवृत्तीच्या क्वेरीत केवळ उत्तराची कमाल मुदत असते. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्विच आपल्याच सेटिंगवरून नोंदीचे आयुष्य मोजतो. क्वेरियरवर अंतर १२५ आणि एखाद्या स्विचवर नोंदीची मुदत १२० सेकंद अशी जोडी पडली, तर प्रत्येक फेरीत काही सेकंद चित्र जाऊन परत येते. हा दोष आधीच्या दोषाहून अधिक त्रासदायक असतो, कारण कोणी पाहायला येईपर्यंत चित्र परत आलेले असते.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो क्वेरियर कोठे ठेवावा हा प्रश्न. क्वेरियरच्या दिशेचा पोर्ट मल्टिकास्ट राउटरचा पोर्ट समजला जातो, आणि त्या पोर्टवर स्विच सर्व ग्रुपांचे प्रवाह पाठवतो, कारण खरा राउटर तिकडे असता तर त्याला ते सर्व हवे असते. थोडक्यात, क्वेरियर जिथे बसेल तिकडे सगळा मल्टिकास्ट वाहत जातो. आपण तो ‘ग’ वर ठेवला, तर ‘ग’ वरचे सर्व पडदे बंद असतानाही चारही प्रवाह मिळून ३२ मेगाबिट ‘ख’ पासून ‘क’ मार्गे ‘ग’ पर्यंत अखंड जात राहतील. ‘क’ वर ठेवला तर ‘ख’ ते ‘क’ एवढ्याच ट्रंकवर ते ३२ मेगाबिट राहतात आणि ‘ग’ कडे फक्त मागितलेले जाते. ‘ख’ वर ठेवल्यास, एन्कोडर तिथेच असल्यामुळे, न मागितलेला एकही प्रवाह ट्रंकवर येत नाही.

मग ‘ख’ का नको? १ गिगाबिटच्या ट्रंकवर ३२ मेगाबिट हा भार नगण्य आहे, आणि उद्या एखादा एन्कोडर ‘ग’ वर लागला तर ‘ख’ ची सोय उलटते. मध्यावरचा स्विच कोणत्याही मांडणीत कमीत कमी वाईट ठरतो. म्हणून पॅकेटवाचक यांनी सुचवलेला ‘क’ च मला योग्य वाटतो. एकेक प्रवाहच जवळजवळ १ गिगाबिट खाणारी, जवळपास कॉम्प्रेशन न केलेली व्हिडिओ यंत्रणा असती, तर मात्र मी क्वेरियर पाठवणाऱ्यांच्या स्विचवरच ठेवला असता आणि ट्रंकही १० गिगाबिटचे केले असते.

‘क’ बंद पडल्यास काय, याचाही विचार करून ठेवावा. तो पूर्ण बंद पडला तर ‘ख’ आणि ‘ग’ यांचा संबंधच तुटतो, पण ‘ख’ वरचे पडदे तरी चालत राहावेत. त्यासाठी ‘ख’ वरही क्वेरियर चालू करता येतो. एका व्हीलॅनमध्ये दोन क्वेरियर असले तर ज्याचा आयपी पत्ता लहान तो काम करतो आणि दुसरा गप्प राहतो, म्हणून ‘क’ चा पत्ता ‘ख’ च्या पत्त्याहून लहान ठेवा. येथे एक बारीक पेच आहे. पहिल्या क्वेरियरची शेवटची क्वेरी ऐकल्यापासून २५५ सेकंद शांतता गेली की दुसरा पुढे येतो. त्याच्या क्वेरीला पडदे लगेच उत्तर देत नाहीत, तर पुढच्या १० सेकंदांतील कोणत्याही क्षणी देतात. नोंदीचे आयुष्य शेवटच्या रिपोर्टपासून २६० सेकंद आहे. ज्या पडद्याने मागच्या वेळी लगेच उत्तर दिले आणि या वेळी उशिरा दिले, त्याची नोंद काही क्षण आधीच पुसली जाऊ शकते. स्विचवर नोंदीची मुदत वेगळी ठरवता येत असेल तर ती २८० ते ३०० सेकंदांपर्यंत वाढवा. अंतर कमी करून हा फरक मिटत नाही, कारण दोन्ही मुदती सोबतच कमी होतात.

पडद्यांचे पोर्ट स्पॅनिंग ट्रीमध्ये (जाळ्यात वर्तुळ तयार होऊ न देणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) एज पोर्ट, म्हणजे पुढे स्विच नसलेले पोर्ट, म्हणून लावलेले आहेत ना, हेही तपासा. तसे नसल्यास एखादा पडदा बंद-चालू झाला तरी जाळ्याची रचना बदलल्याची सूचना सर्व स्विचना जाते. नोंदी जुन्या झाल्या असतील असे मानून बरेच स्विच अशा वेळी काही काळ मल्टिकास्ट सर्व पोर्टवर सोडतात. वायफाय अधूनमधून क्षणभर बिघडते अशी तक्रार आली, तर कारण बहुधा येथे सापडेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : उपकरणकक्ष

दोघांचेही मनापासून आभार. ‘क’ वर व्हीलॅनमधला लहान पत्ता देऊन क्वेरियर चालू केला, ‘ख’ वर दुसरा ठेवला, तिन्ही स्विचवर दुसरी आवृत्ती आणि नोंदीची मुदत ३०० सेकंद केली. मिररिंगमध्ये क्वेरी आणि रिपोर्ट दोन्ही ठरल्याप्रमाणे दिसतात, ‘ग’ च्या तक्त्यात ट्रंक मल्टिकास्ट राउटरचा पोर्ट म्हणून आला आहे, आणि ‘ख’ व ‘ग’ या दोन्हींवर चित्र न थांबता चालू आहे.

दोन गोष्टी उरल्या आहेत. चारांपैकी एका एन्कोडरचा प्रवाह अजूनही तिन्ही स्विचच्या प्रत्येक पोर्टवर जातो, अगदी प्रिंटरच्याही. त्याचा पत्ता २३९.१२८.०.१२ आहे. उरलेले तीन २३९.१०.१ या मालिकेतले आहेत आणि ते मागितलेल्या पोर्टवरच जातात. सेटिंगमध्ये या ग्रुपसाठी वेगळे काहीही लिहिलेले नाही. दुसरे असे की स्विचच्या पानावर स्नूपिंगच्या शेजारीच एमएलडी स्नूपिंग असा पर्याय दिसतो. तोही चालू करावा का?

उत्तर ४ : पॅकेटवाचक

त्या एन्कोडरमध्ये किंवा स्विचमध्ये काही बिघाड नाही. दोष पत्त्याच्या निवडीत आहे, आणि तो समजायला मल्टिकास्ट आयपी पत्त्यापासून मॅक पत्ता (स्थानिक जाळ्यात पॅकेट पोहोचवण्यासाठी वापरला जाणारा पत्ता) कसा बनतो ते पाहावे लागते.

मल्टिकास्टच्या मॅक पत्त्याचा पहिला अर्धा भाग ०१:००:५ई असा ठरलेला असतो. पुढे आयपी पत्त्याचे फक्त शेवटचे २३ बिट ठेवले जातात. मल्टिकास्ट आयपी पत्त्यात बदलणारे बिट २८ असतात. म्हणजे ५ बिट गळतात, आणि ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅक पत्त्यावर येऊन बसतात. गळणाऱ्या बिटांमध्ये दुसऱ्या आकड्याचा सर्वांत वरचा बिटही आहे, म्हणून दुसऱ्या आकड्यातील १२८ आणि ० यांत काही फरक उरत नाही. २३९.१२८.०.१२ चा मॅक पत्ता ०१:००:५ई:००:००:०सी असा बनतो, आणि २२४.०.०.१२ चाही नेमका तोच.

२२४.०.०.० पासून २२४.०.०.२५५ पर्यंतचे पत्ते राउटिंग प्रोटोकॉलसारख्या स्थानिक नियंत्रणाच्या कामासाठी राखलेले आहेत. त्यांच्यासाठी उपकरणे नेहमीच रिपोर्ट पाठवतात असे नाही, म्हणून स्नूपिंगविषयीच्या २००६ सालच्या आरएफसी ४५४१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने हे पत्ते सर्व पोर्टवर सोडावेत असे सांगितले आहे. जे स्विच आयपी पत्ता न पाहता केवळ मॅक पत्त्यावरून मल्टिकास्ट पुढे पाठवतात, त्यांना आपला व्हिडिओ आणि तो राखीव ग्रुप यांत भेद करता येत नाही. राखीव समजून ते दोन्ही सर्वत्र सोडतात.

एन्कोडरला २३९.१०.१ मालिकेतलाच मोकळा पत्ता द्या, लगेच सुटेल. पुढे पत्ते वाटताना २३९.०.०.० आणि २३९.१२८.०.० यांनी सुरू होणारे, २५६ पत्त्यांचे दोन्ही गट टाळा. २३९.१०.१.५ आणि २३९.१३८.१.५ अशा जोड्याही टाळा, कारण त्या एकाच मॅक पत्त्यावर येतात आणि मग एक मागितला की दुसराही येतो.

एमएलडी हा आयपीव्ही६ मधील आयजीएमपीचा समकक्ष. आपला व्हिडिओ आयपीव्ही४ वर आहे, त्यामुळे त्याचा उपयोग व्हिडिओसाठी नाही. नुसता पर्याय समोर दिसतो म्हणून तो चालू करू नये असे माझे ठाम मत आहे. आयपीव्ही६ मध्ये शेजारच्या यंत्राचा मॅक पत्ता शोधण्याचे कामही मल्टिकास्टनेच होते, आणि त्यासाठी प्रत्येक यंत्र आपल्या पत्त्यावरून ठरणाऱ्या एका ग्रुपमध्ये सामील होते. एमएलडी स्नूपिंग चालू करून त्याचा क्वेरियर ठेवला नाही, तर याही नोंदी काही मिनिटांनी पुसल्या जातात. नोंद नसलेले टाकून देण्याचा पर्याय तिथेही लागू असेल, तर यंत्रांना एकमेकांचा पत्ता सापडेनासा होतो. व्हिडिओ थांबल्यावर निदान पडदा पाहून कळते. येथे मात्र कोणाचा प्रिंटर, कोणाचे संकेतस्थळ असे विखुरलेले बिघाड येतात आणि त्यांचा स्विचशी संबंध कोणाच्याच ध्यानात येत नाही. पुढे कधी आयपीव्ही६ वर मल्टिकास्ट न्यायचे झाले, तर त्या व्हीलॅनसाठी एमएलडी क्वेरियर आधी चालू करा, त्याच्या क्वेरी लिंक-लोकल (फक्त त्याच जाळ्यापुरत्या चालणाऱ्या) पत्त्यावरून निघत आहेत याची मिररिंगवर खात्री करा, आणि त्यानंतरच स्नूपिंग चालू करा.

उत्तर ५ : दीर्घतार

फास्ट लीव्हविषयी कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो, कारण पडदे आणि वाहिन्या असल्या की तो पर्याय केव्हा ना केव्हा चालू केला जातोच. पडदा ग्रुप सोडतो तेव्हा क्वेरियर त्या ग्रुपपुरती वेगळी क्वेरी पाठवून ‘आणखी कोणाला हवा आहे का’ असे विचारतो. मूळ मूल्यांनुसार एकेका सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारून उत्तर आले नाही, तरच प्रवाह थांबतो. तोवर जुनी आणि नवी अशा दोन्ही वाहिन्या त्या पोर्टवर येत राहतात. फास्ट लीव्ह चालू असल्यास न विचारता लगेच थांबवले जाते. पोर्टवर एकच पडदा असेल तर हे उत्तमच आहे. परंतु त्या पोर्टच्या पुढे एखादा छोटा स्विच लावून दोन पडदे जोडलेले असतील, तर एकाने वाहिनी बदलताच दुसऱ्याचे चित्र जाते आणि पुढच्या क्वेरीपर्यंत, म्हणजे दोन मिनिटांपर्यंतही, परत येत नाही. म्हणून हा पर्याय सबंध व्हीलॅनला न लावता पोर्टनिहाय लावा, आणि ट्रंकवर कधीही लावू नका.